हारूनपट्टी

"किती दिवे बसवायचे?" मी विचारलं.

"आंधळ्यालाबी दिसतील एवढं," सर्जेराव म्हणाला.

तो ट्रॅक्टरवरून खाली उतरलाच नव्हता. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली दुपार. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं आणि हा गडी दोन्ही ट्रॉल्या जोडून माझ्या दुकानासमोर अर्धा रस्ता अडवून बसला होता. दुकान म्हणजे पत्र्याचं खोकं. वर 'शिकलगार ऑटो इलेक्ट्रिक' असं मी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, आणि शेवटी जागा पुरली नाही म्हणून त्यातला 'क' खाली उतरला होता. आमचे वाडवडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव हिंडले. मी वायरिंगकडे वळलो. दहा गावांतल्या ट्रॅक्टरांची वायरिंग माझ्या हातची, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

"अरे, ट्रॉली आहे का लग्नाचा मांडव?" मी म्हणालो.

सर्जेराव हसला नाही. तेव्हा कुठे मला आठवलं आणि मी जीभ चावली.

सर्जेराव खोत माझा शाळेतला जोडीदार. आदल्या हंगामात त्याच्या भरलेल्या ट्रॉलीवर मागून एक मोटारसायकलवाला आदळून गेला होता. औषधांच्या दुकानांतून ऑर्डरी घेत फिरणारा कुणी परगावचा माणूस. ट्रॉलीत ऊस भरला की तो मागच्या फाळक्याच्या बाहेर दोन-तीन हात लोंबतो आणि फाळक्यावरचे दिवे त्याच्या आड जातात. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि कुणीच त्याचं काही करत नव्हतं. ट्रॉलीला दिवे होते, चालू होते, उसाने झाकले त्याला ड्रायव्हर काय करणार, असं पोलिसांनी लिहिलं आणि सर्जेरावला सोडलं. पण सर्जेराव स्वतःला सोडायला तयार नव्हता. तेव्हापासून तो दर दोन मैलांवर ट्रॅक्टर थांबवायचा, उतरायचा आणि मागे जाऊन बघून यायचा. कारखान्यावरचा त्याचा नंबर हुकायचा. बाकीचे ड्रायव्हर टिंगल करायचे. करणाऱ्यांत मीही होतो.

"हे बघ हारून," तो आता खाली उतरला. "तू दिवं बसवून दिलंस तर मी ह्या हंगामाला ट्रॅक्टर भाईर काढणार. न्हाईतर इकून मोकळा हुतो. अजून एक माणूस माझ्या मागनं गेला तर मला काय सोसायचं न्हाई."

असं कुणी तोंडावर बोललं की चेष्टा कुठल्या कुठे पळते. मी त्याला आत बसवलं, चहा सांगितला आणि मागच्या ट्रॉलीभोवती तीन चकरा मारल्या.

मला ते तिथल्या तिथेच सुचलं. फाळक्यावर कितीही दिवे लावा, ऊस त्यांना झाकणारच. म्हणजे दिवे फाळक्यावर नकोत, उसावर पाहिजेत. एक लांब लोखंडी पट्टी घ्यायची. तिच्यावर चार लाल दिवे आणि दोन टोकांना उघडझाप करणारे दोन पिवळे. पट्टीला वरच्या बाजूने दोन टोकदार आकडे. ऊस भरून झाला की आकडे लोंबत्या उसात खुपसायचे, की पट्टी अगदी मागे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वायर ट्रॉलीच्या खालून. कारखान्यात क्रेनने ऊस उचलायच्या आधी पट्टी काढायची, गुंडाळायची आणि पेटीत टाकायची. नाहीतर क्रेनच्या एका झटक्यात तिचा चेंदामेंदा झाला असता.

तीन दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. वेल्डिंग शेजारच्या वर्कशॉपात जाऊन स्वतः उभं राहून करून घेतलं. पट्टीला तांबडा-पांढरा रंग दिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वायर जोडायला बसलो तर नवंच लचांड निघालं. पट्टी आणि फाळक्यावरचे जुने दोन दिवे एकदम लावले की फ्यूज उडायचा.

"मग?" सर्जेराव म्हणाला.

"मग काय, जुने काढून टाकू. त्यांचीच वायर पट्टीला देऊ."

तो फाळक्याकडे बघत राहिला. "ऱ्हाऊ देत की रं. असूं देत जोडीला."

"कशाला? उसाखाली कुणाला दिसणार आहेत ते? इतकी वर्षं होते, काय दिवे लावले त्यांनी?"

"तसं न्हवं. पर असल्यालं बरं."

"सर्जा, वायरिंग तुला कळतं का मला?"

मी पाना घेतला, दोन्ही दिवे खोलले आणि भंगाराच्या डब्यात टाकले. एक जाड वायर आणि एक जादा सॉकेट बसवलं असतं तर दोन्ही राहिले असते. अर्ध्या तासाचं काम होतं. पण सॉकेट संपलं होतं, ते आणायला इस्लामपूरला जावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात हंगामाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम होता. सगळ्या तालुक्याच्या गाड्या तिथे येणार होत्या. मला माझी पट्टी त्या गर्दीत मिरवायची होती.

आणि मिरवलीही. दिवस मावळताना सर्जेरावने भरलेल्या ट्रॉलीच्या मागे पट्टी लावली, बटण दाबलं आणि रांगेतले ड्रायव्हर आपापल्या गाड्या सोडून बघायला आले. एकाने तिला तिथेच 'हारूनपट्टी' म्हटलं आणि तेच नाव पडलं. मी आपलं 'त्यात काय एवढं' म्हणत होतो, पण आतून मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाहुबली मगदूम दुकानावर आला. बाहुबली वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालायचा. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन, डोक्याला मफलर, आणि रोज संध्याकाळी माझ्याकडे पाच मिनिटं टेकल्याशिवाय पुढे जायचा नाही.

"हारूनभाई, अर्ध्या मैलावरनं दिसली तुमची पट्टी. मला वाटलं, कारखाना उठून रस्त्यावर आला," तो म्हणाला. "लई बेस केलंत. आम्ही रोज जीव मुठीत धरून ह्या ट्रॉल्यांच्या मागनं जातोय."

त्या एका वाक्याने मी महिनाभर फुगून होतो. डिसेंबर संपेपर्यंत मी अशा आणखी अकरा पट्ट्या करून दिल्या. अकराही ट्रॉल्यांचे जुने दिवे मी काढले. दर वेळी तेच सांगितलं, उसाखाली कुणाला दिसणार आहेत ते. सर्जेराव पुन्हा माणसात आला होता. आता तो वाटेत थांबत नव्हता. एकदा तर ट्रॅक्टरवर मोठमोठ्याने गात चाललेलं मी त्याला ऐकलं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी, सात-सव्वासात झाले असतील, बाहुबली नेहमीसारखा चहा घेऊन गेला. त्यानंतर दहा मिनिटांत ओढ्याच्या पुलाकडून कुणीतरी ओरडत आलं. मी दुकान उघडं टाकून पळालो.

रस्ताभर दूध पसरलं होतं. सर्जेराव बाहुबलीचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता आणि त्याच्याशी बोलत होता. "उठ की रं. उठ की," एवढंच. बाहुबली गेला होता हे त्याच्या अंगावर पांघरूण घालायला वाकलेल्या माणसांनाही कळत होतं. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडाने त्याचे डोळे दिपले असणार आणि पुढचं लोखंड त्याला दिसलंच नसणार.

मी ट्रॉलीच्या मागे गेलो. ट्रॉली रिकामी होती. सर्जेराव कारखान्यात ऊस उतरवून घरी परतत होता. क्रेनच्या आधी काढलेली पट्टी पेटीत होती, जिथे ठेवायला मीच सांगितलं होतं. ती लावणार तरी कशाला? आकडे खुपसायला ऊसच नव्हता. आणि फाळक्यावर दोन दिव्यांच्या जागी बोल्टांची चार भोकं होती.

मी भरलेल्या ट्रॉलीचाच विचार केला होता. ती रिकामी होऊन परत येते, त्याच रस्त्याने, त्याच अंधारात, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. एवढा शहाणा वायरमन मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. सर्जेराव बाकावर बसला होता. सदऱ्यावर दुधाचे डाग तसेच होते. हवालदार वयस्क होते, सरळ माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली.

"शिकलगार, तुम्ही ह्या कामातले जाणकार. ट्रॉलीला मागं दिवे बसवलेले होते, ते काढल्याच्या खुणा आहेत. कारखान्याच्या तपासणीत मागच्या वर्षी होते. हे कुणी काढले?"

मी तोंड उघडलं, हे मला पक्कं आठवतंय. आवाज मात्र फुटला नाही. तेवढ्यात बाकावरून सर्जेराव बोलला.

"मी काढलं, साहेब. फ्यूज जात हुता. हारून नगं म्हणत हुता, मी ऐकलं न्हाई."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "असं आहे का?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. टेबलावर कार्बनपेपर होता आणि पेन्सिलीचा तुकडा होता. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हवालदारांनी लिहून घेतलं.

जामिनाचं सगळं उरकून आम्ही दुपारी बाहेर पडलो. एसटी स्टँडपर्यंत बरोबर चाललो. शेवटी मीच विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

"पट्टी पेटीत कोण टाकत हुतं? मीच की. रिकामी ट्रॉली घिऊन घरला कोण जात हुतं? तू कवा बसलायस रिकाम्या ट्रॉलीच्या पुढं? मला कळायला पायजे हुतं. आणि तू आत गेलास तर बाकीच्या अकरा ट्रॉल्यांचं कोण बघंल? आधी ती नीट कर जा."

"पण सर्जा, खरं काय ते—"

"पोलिसाला सांगून काय व्हतंय? बाहुबलीच्या घरात सांग. ती बाई मला इचारंल, माझा नवरा कशापायी गेला. तिला खरं कळाया पायजे. तू जा, तुझ्या तोंडानं सांग. बास, दुसरं काय म्हणणं न्हाई माझं."

"जातो," मी म्हणालो.

त्याच दिवशी इस्लामपूरहून सॉकेटं आणली. दोन दिवसांत अकराही ट्रॉल्यांना जुने दिवे परत लावले, वायर जाड घातली, सॉकेट वेगळं दिलं. भरलेली असो की रिकामी, उजेड राहील असं केलं. ड्रायव्हरांना सांगितलं, नवीन सुधारणा आहे. त्यांनी माझं कौतुक केलं. ते ऐकून घेताना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण ऐकून घेतलं.

बाहुबलीच्या घरी मी आठव्या दिवशी गेलो. घर माणसांनी भरलं होतं. त्याची पत्नी, पद्मावहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. एवढ्या माणसांत कसं बोलायचं, असं म्हणून मी पाणी पिऊन उठलो. महिन्याने पुन्हा गेलो, तर त्यांचे सासरे अंगणात बसलेले. म्हाताऱ्यासमोर नको, असं म्हणून सायकल वळवली. तिसऱ्या वेळी घरी कुणी नव्हतं, दार उघडं होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्या दिवशी मला कुठलंही कारण सापडलं नाही, तरी मी परत आलो.

सर्जेरावचा खटला दोन वर्षं चालला. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो आत गेला त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं.

सुटून आल्यावर त्याने ट्रॅक्टर विकला आणि भावाबरोबर शेतात राबू लागला. बाजारात भेटायचा. "बरं हाय का?" म्हणायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. पद्मावहिनींकडे गेलास का, हे त्याने मला एकदाही विचारलं नाही. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला. म्हटलं, विसरला असेल. म्हटलं, त्यानेही आता सोडून दिलं असेल.

पद्मावहिनींनी नवऱ्याचं दुधाचं काम हातात घेतलं. लुना घेतली. तेच कॅन, त्याच वस्त्या. लुनाचा मागचा दिवा गेला की माझ्याकडे यायच्या. मी बल्ब बदलायचो, होल्डर पुसायचो. त्या शेजारी उभ्या राहून माझ्या हाताकडे बघत राहायच्या. दिवा लागला तरी लगेच निघायच्या नाहीत. "झालं वहिनी," मी म्हणायचो. मग त्या जायच्या. दर वेळी मी ठरवायचो, पुढच्या खेपेला सांगू. पहिल्या पाच-सहा वर्षांत अशा पंधरा-वीस खेपा तरी झाल्या असतील. पुढे त्या यायच्या बंद झाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं.

एकोणीस वर्षं गेली. मी हजला जाऊन आलो. दुकान पक्कं झालं, पाटी रंगाऱ्याकडून करून घेतली. लोक हाजीसाहेब म्हणायला लागले. गेल्या माघात एका पहाटे निरोप आला की सर्जेराव झोपेतच गेला.

मी मातीला गेलो. बायकांच्या घोळक्यात पद्मावहिनी होत्या. सर्जेरावच्या बायकोच्या गळ्यात पडून सख्ख्या बहिणीसारख्या रडत होत्या. मला ते समजेना. ज्याच्यामुळे नवरा गेला असं कागदावर लिहिलेलं, त्याच्यासाठी ही बाई अशी रडते? घरी आलो, पण जेवण गेलं नाही. आता सर्जेरावही नव्हता. खरं माहीत असलेला जगात मी एकटाच उरलो, असं मला वाटलं. मी तसाच मेलो तर ती गोष्ट माझ्याबरोबर जाणार होती, आणि सर्जेरावच्या नावावरचा डाग कायमचा राहणार होता.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. सकाळचे दहा वाजले होते. पद्मावहिनी ओसरीवर कॅन धुऊन पालथे घालत होत्या. केस पार पांढरे झालेले. मला बघून त्यांनी पदराला हात पुसले.

"या हारूनभाऊ. बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर पाणी प्यायलो असतो आणि उठून आलो असतो, माझा मला भरवसा नव्हता.

"वहिनी, ट्रॉलीचे दिवे सर्जेरावने काढले नव्हते. मी काढले. तो राहू दे म्हणत होता. मीच ऐकलं नाही. पोलिसांत त्याने माझं नाव वाचवलं आणि मी गप्प बसलो. त्याने सहा महिने काढले ते माझे होते." एवढं बोलायला मला एकोणीस वर्षं लागली होती आणि एक मिनिटात ते संपलं. "माफी मागायला तोंड नाही मला. पण तुम्हाला खरं कळायला हवं."

त्यांनी शेवटचा कॅन पालथा घातला.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सर्जेरावदादा जेलातनं सुटले, त्याच आठवड्यात इथं आले हुते. ह्याच ओसरीवर बसले. मी रागानं विचारलं, दिवे का काढले तुम्ही? मग म्हणाले, बाई, तुमच्याशी खोटं बोलवत न्हाई, मी न्हाई काढले. ज्यानं काढलेत तो आपल्या पायांनी येईल आणि सांगेल. तवर त्याच्या दारात भांडायला जाऊ नका, एवढं माझं ऐका. नाव न्हाई घेतलं त्यांनी. पर अशा कामाला हात लावणारं फाट्यावर दुसरं कोण हुतं? मला कळलं."

"तुम्ही मग कधीच..."

"वाट बघितली की. माझ्या लुनाचा दिवा काय दर दोन-तीन महिन्यानं जात हुता होय? तुमच्या शेजारी येऊन उभी राहायची मी. वाटायचं, आज बोलतील." त्या उंबऱ्यावर बसल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "मग मी सोडून दिलं. दादांनी न्हाई सोडलं. दर भाऊबीजेला यायचे. मला भाऊ न्हाई, तर म्हणायचे, मी हाय. ओवाळून झालं की पाटावरनं उठायच्या आधी विचारायचे, हारून येऊन गेला का? मी न्हाई म्हणायची. ते म्हणायचे, येईल. माणूस वाईट न्हाई तो, येईल."

मी खाली बसलो. कुठे बसलो ते मला कळलं नाही, ओल्या फरशीवर बसलो होतो.

"दर वरसाला?" मी विचारलं.

"दर वरसाला," पद्मावहिनी म्हणाल्या. मग खरं सांगायचंच तर सगळं सांगावं अशा आवाजात म्हणाल्या, "गेल्या दोन भाऊबीजांना मात्र विचारलं न्हाई त्यांनी."